ठमीची फळांची वही

ठमीने पहिलं फळ स्वतःच्या हाताने उचललं ते बोरन्हाणाला. रविवार होता, १९ जानेवारी २०२५, संक्रांत होऊन पाच दिवस झालेले आणि तिला सहा महिने पूर्ण होऊन नऊ दिवस. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे असं सगळं ओतून झालं, सोसायटीतली पोरं खाली वाकून गोळा करायला लागली आणि सगळे फोटोत गुंतलेले असताना आमच्या बाईंनी मांडीवर पडलेलं एक बोर मुठीत धरलं आणि सरळ तोंडाला लावलं. मी उडी मारली. म्हणजे शब्दशः. कॅमेऱ्यात माझी पाठ आलीये नुसती. बोर अजून ओठांवरच होतं, हातातून काढून घेतलं तर जो काही भोकाड पसरला की आई म्हणाली, "अरे मागतीये ती खायला, आणि तू हिसकावून घेतोस!" बिचारीला काय माहीत की त्या बोराच्या आत तिच्या घशाच्या मापाची एक बी आहे.

ठमी हे अर्थातच खरं नाव नाही, घरात तेच चालतं. आणि हे सगळं मी, म्हणजे बाप, लिहितोय कारण आमच्याकडे भरवायचं खातं माझ्याकडे आलं. बायकोला बाळंतपणाची रजा २६ आठवडे, त्यातले दोन डिलिव्हरीच्या आधीच गेले, म्हणजे गणित करा, बाळ साडेपाच महिन्यांचं झालं की आई ऑफिसात, आणि दुधाशिवायचं खाणं सुरू करायचं सहा महिन्यांनी. हा कायदा करणाऱ्याने वरचं खाणं कोण सुरू करणार याचा विचार केला होता का देव जाणे. मी अकाउंट्सचं काम घरून करतो, क्लायंटचे जीएसटी रिटर्न वगैरे, त्यामुळे महिन्याची ११ आणि २० तारीख सोडली तर मी तसा रिकामाच असं घरच्यांचं मत. आई आमच्याकडेच असते, पुण्यात धायरीला. म्हणजे दिवसा मी, आई आणि ठमी.

डॉक्टर मॅडमकडे सहा महिन्यांच्या फ्लूच्या लशीला गेलो तेव्हाच विचारून आलेलो. त्यांनी आधी तिला बसवून बघितलं, मान धरते, आधाराने बसते, रिकामा चमचा ओठाशी नेला तर जीभ बाहेर ढकलत नाही, मग म्हणाल्या करा सुरू. एक वर्ष होईपर्यंत मीठ नाही, साखर नाही, गूळ नाही, मध तर बोटावरसुद्धा नाही कारण त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ते वाढतात. प्यायला गाईचं दूध नाही. फळाचा रस नाही, घरी काढलेला पण नाही, फळ द्यायचं ते गरासकट. आणि डाळीचं पाणी नको, डाळ द्या. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. पुढे येतंच ते.

मी एक वही केली. आमच्या धंद्यातली सवय, लेजरसारखे कॉलम पाडले : तारीख, फळ, किती चमचे, तोंड कसं केलं, शी कशी झाली. बायको म्हणाली शीचा कॉलम वेगळ्या पानावर घे निदान, त्याच वहीत दूधवाल्याचा हिशोब आहे.

त्यात उष्टावण मध्ये आलं. मुलींचं विषम महिन्यात म्हणून सातवा लागल्यावर केलं, मामाने म्हणजे माझ्या मेव्हण्याने सोन्याची अंगठी खिरीत बुडवून चाटवायची. खिरीत साखर. मी कुरकुर केली, आई म्हणाली तुझंही असंच झालं, तू काय वाईट आहेस का, आता यावर काय बोलणार. शेवटी बायकोने मधला मार्ग काढला, मऊ शिजलेल्या तांदळाच्या पिठीत पिकलेलं वेलची केळं कुस्करून आणि तिचं स्वतःचं काढून ठेवलेलं दूध घालून खीर. दिसायला खीर, चवीला गोड, मामा खूश, आई खूश. सासूबाईंनी चव घेऊन "साखर बेतानेच घातलीये हो, छान केलंत" म्हणून मला पावती पण दिली. मी गप्प बसलो, त्यांनी चाखलं ते कशात कालवलेलं होतं हे त्यांना अजून माहीत नाही.

तर पहिलं फळ केळं. धायरी फाट्यावरच्या फळवाल्याला सांगितलं बाळासाठी हवंय तर त्याने हिरवट पिवळी बाजूला सारून सालीवर काळे ठिपके आलेली छोटी वेलची केळी काढून दिली, म्हणाला हीच घ्या, बाकीची पोटात बसतात. खरंच आहे, कच्चट केळ्यात स्टार्च जास्त असतो, ठिपके पडेपर्यंत त्याची साखर झालेली असते आणि ते काट्याने सुद्धा नाही, नुसत्या चमच्याच्या पाठीने कुस्करलं जातं. मिक्सर वगैरे मी काढलाच नाही. पहिल्या दिवशी दोन चमचे द्यायचे ठरवलं, त्यातला दीड चमचा बिबवर. तोंड असं केलं जसं काही मी चिंच भरवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चमचा दिसल्यावर पाय हलवायला लागली. नवीन फळ आलं की तीन दिवस तेच, मध्ये दुसरं नवीन काही नाही, म्हणजे काही झालं तर कशाने झालं हे कळतं. मला हे फार पटलं, एका वेळी एकच एंट्री बदलायची म्हणजे टॅली का होत नाही ते लगेच सापडतं.

चौथ्या दिवशी डायपरमध्ये काळे दोरे. बारीक, वळवळल्यासारखे दिसणारे, तीन-चार. मला दरदरून घाम फुटला. जंत! सहा महिन्यांच्या पोरीला जंत! फोटो काढून बायकोला पाठवला, ती मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करून बसलेली, नोटिफिकेशन सगळ्यांसमोर झळकलं, त्याबद्दल तिने मला अजून माफ केलेलं नाही. डॉक्टरांना पण पाठवला. त्यांचं एका ओळीत उत्तर, "केळं दिलंत का? केळ्याचे धागे आहेत." केळ्याच्या मधल्या गाभ्यातले धागे पचनात काळे पडून तसेच बाहेर येतात. हे कुणी आधी का सांगत नाही? म्हणून इथे सांगून ठेवतो. असंच बिटाचं, दुसऱ्या दिवशी लाल दिसलं की रक्त समजून पळू नका, आदल्या दिवशी काय दिलं ते आठवा आधी. आठवण्यासारखं काहीच नसेल तर मात्र पळा.

मग सफरचंद. इथे घरात पहिलं युद्ध झालं. आईची पद्धत म्हणजे सफरचंद अर्धं कापायचं आणि स्टीलच्या चमच्याने खरवडत खरवडत तो कीस लगेच बाळाच्या तोंडात, असंच तिने आम्हा दोघा भावांना वाढवलं. माझी पद्धत म्हणजे साल काढून, फोडी वाफवून, चमच्याने दाबून. आई म्हणाली शिजवून सगळं सत्त्व घालवतोस. मी म्हणालो कच्चं सफरचंद कडक असतं, खरवडताना एखादा तुकडा मोठा गेला तर. ती म्हणाली, अरे तीस वर्षं काय मी तुकडे भरवले का? तह असा झाला की बसून खरवडायचं असेल तर अगदी बारीक आणि तिनेच, मी वाफवलेलं देणार. आणि खरं सांगू का, ठमीला आईचं खरवडलेलं जास्त आवडायचं. वहीत मी लिहिलं नाही ते.

पण आईचं अजून एक म्हणणं होतं ते मी तेव्हा बिनशर्त मान्य केलं आणि तिथेच फसलो. सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं ना, म्हणजे त्यात लोह असतं. आपल्याकडे शंभरातल्या नव्वद घरांत हे सांगतात. आणि डाळिंब लाल म्हणजे रक्त वाढतं. मीही लहानपणापासून तेच ऐकलेलं.

केळं आणि सफरचंद लागोपाठ दिल्यावर व्हायचं तेच झालं, तीन दिवस शी नाही, चौथ्या दिवशी लालबुंद चेहरा करून रडारड आणि सुपारीसारखे खडे. फळवाल्यालाच विचारलं, म्हणाला पपई न्या. चांगली पिकलेली, मधून केशरी, बिया आणि बियांच्या खालचं पातळ कातडं काढून टाकलं की गर लोण्यासारखा. दुसऱ्या दिवशी मोकळी झाली. आई पपईला "उष्ण" म्हणून नको म्हणत होती पण ते खडे बघितल्यावर तिनेच दुसरी आणायला लावली. काळ्या मनुका भिजवून कुस्करून गाळून पण दिल्या, त्यानेही फरक पडतो. पिअर मिळालं तर तेही चांगलं. तेव्हापासून आमच्या वहीत फळांच्या दोनच जाती : अडवणारी आणि सोडवणारी. चिकू पहिल्या जातीत, निदान आमच्याकडे. चिकू द्यायचा तर बोटाने दाबला की दबेल इतका मऊ झालेला, कच्चट असला की चीक आणि तुरटपणा, बाळ थुंकतंच. आणि चिकूची बी बघितलीये का नीट कधी? टोकाला बारीक आकडा असतो. मी चिकू आधी ताटलीत कुस्करून बोटाने चाचपून मग द्यायचो, आणि बिया मोजायचो, किती निघाल्या त्या. बायको हसायची.

मधेच कुणीतरी ते जाळीचं फीडर भेट दिलं, त्यात फळ घालायचं आणि बाळ चोखत बसतं. पंधरा मिनिटं शांतता मिळते हे कबूल, २० तारखेला मला त्याने वाचवलंय. पण त्या जाळीत अडकलेला केळ्याचा गर धुणं म्हणजे शिक्षा, एकदा नीट वाळलं नाही तर कोपऱ्यात काळे ठिपके धरले, मी सरळ कचऱ्यात टाकलं. त्यापेक्षा आजीने ठेवलेली चांदीची वाटी आणि छोटा चमचा बरा, आणि नंतर तर तिचे हात.

फेब्रुवारीत सिंहगड रोडला स्ट्रॉबेरीच्या गाड्या लागल्या, वाई-महाबळेश्वरची. बायकोला मोह. ठमी सात महिन्यांची. दोन पिकलेल्या स्ट्रॉबेऱ्या धुऊन, देठ काढून, कुस्करून दिल्या. दहा मिनिटांत तोंडाभोवती, हनुवटीवर, जिथे जिथे रस ओघळला तिथे लाल पुरळ. आता मात्र बायको घाबरली, मी केळ्याच्या प्रकरणातून शहाणा झालेलो (म्हणजे मी दोन मिनिटं उशिरा घाबरलो). तोंड पाण्याने पुसलं, अंगावरचे कपडे काढून बघितलं, पोटावर पाठीवर काही नाही, ओठ सुजले नाहीत, उलटी नाही, श्वास नीट, खेळतीये. अर्ध्या-पाऊण तासात गेलं. डॉक्टर म्हणाल्या आंबट फळांच्या रसाने नाजूक कातडीला चुरचुरून असं होतं, संत्रं, टोमॅटो यानेही होतं, पुढच्या वेळी भरवायच्या आधी तोंडाभोवती थोडं खोबरेल लावा, आणि अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, लागोपाठ उलट्या झाल्या किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र फोटो पाठवत बसू नका, थेट या. हा फरक मी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिला. दोन आठवड्यांनी परत दिली, खोबरेल लावून, काही झालं नाही.

मार्चमध्ये माझी वर्षअखेरची घाई आणि तिकडे सासवडला अंजिरं. सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्यांची सासवडजवळ अंजिराची आणि सीताफळाची थोडी झाडं आहेत. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे ते प्रत्येक पाहुण्याला एकदा सांगतातच, आणि वर खट्टा बहार थंडीतला आणि मीठा बहार उन्हाळ्यातला, खरी गोडी मीठ्यात, हेही. कात्रज-कोंढवा रस्त्यावरचं ट्रॅफिक झेलत बोपदेव घाट चढून गेलो. झाडावरचं पिकलेलं अंजीर म्हणजे काय प्रकार असतो हे दुकानातून आणणाऱ्याला कळायचं नाही, देठाशी मऊ, सालीला बारीक चिरा, संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री नाही. आबांनी देठाकडचा पांढरा चीक पुसला, तो कातडीला खाजतो म्हणून, साल सोलली आणि आतला गर करंगळीवर घेऊन ठमीच्या ओठाला लावला. मी वही गाडीत विसरलो होतो. तिने करंगळी चावली, दोन दात आलेले तेव्हा. आबा म्हणाले, "जावईबापू, पोरगी माझ्यावर गेलीये." त्या दिवशी दीड अंजीर खाल्लं. दुसऱ्या दिवशीच्या डायपरबद्दल एवढंच सांगतो की अंजीर हे सोडवणाऱ्या जातीचं.

आठव्या महिन्यापासून तिला चमचा नको झाला, स्वतः हातात पाहिजे. मग तुकडे. पपईच्या, मऊ पिअरच्या बोटाएवढ्या लांब फोडी, म्हणजे मुठीत धरून वरून चावता येईल. इथे माझे केस पांढरे झाले. पहिल्यांदा पिअरचा तुकडा मागे गेला तेव्हा तिने डोळे मोठे केले, उबळ आली, ख्यॅक ख्यॅक केलं, चेहरा लाल. मी बोट घालायला निघालो तर बायको ओरडली "थांब!" तिने ऑफिसात प्रथमोपचाराचं ट्रेनिंग केलेलं. आवाज येतोय, खोकतीये, लाल झालीये म्हणजे ती स्वतः बाहेर काढतीये, काढू दे, बोट घातलंस तर उलट आत जाईल. आणि खरंच काढलं तिने, बघितलं त्या तुकड्याकडे आणि परत तोंडात घातला. खरं अडकतं तेव्हा आवाज नसतो. खोकला नाही, रडणं नाही, ओठ निळसर. तेव्हा बाळाला हातावर पालथं घेऊन डोकं खाली, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी किंवा अंगठ्यांनी पाच दाब, आणि कुणीतरी एकाने १०८ ला फोन लावायचा. मी हे उशीवर दहा वेळा करून बघितलं. आईकडून पण करून घेतलं, आधी "अभद्र काहीतरी बोलू नकोस" म्हणाली, मग केलं.

द्राक्षांना मी सर्वात जास्त घाबरतो. नाशिकची ती लांबट, टणक, गुळगुळीत द्राक्षं म्हणजे श्वासनलिकेला मापाने बनवलेलं बूच. द्यायची तर उभी चिरून चार भाग, आडवं कापून उपयोग नाही, गोल चकती राहते. आम्ही नववा संपल्यावरच दिली आणि सोसायटीच्या बागेत कुणीही तिच्या हातात अख्खं द्राक्ष ठेवलं की मी काढून घेतो, मग लोक मला काय म्हणतात ते म्हणू देत. डाळिंबाचे दाणे, जांभळं, करवंदं, बोरं, कच्च्या सफरचंदाची फोड, गाजर, हे सगळं त्याच यादीत.

आणि मग आंबा आला.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला पितरांना नैवेद्य दाखवल्याशिवाय आंबा खात नाहीत. ३० एप्रिल होती त्या दिवशी. ठमी साडेनऊ महिन्यांची. मार्केट यार्डातून हापूसची पेटी आणली, गवतात घातलेली, घरी उघडल्याबरोबर अख्ख्या फ्लॅटला वास. कार्बाइडने पिकवलेले नकोत म्हणून अर्धवट तयार असलेलेच आणले आणि घरी पिकू दिले, कार्बाइडवर कायद्याने बंदी आहे पण बंदी आहे म्हणजे नसतंच असं थोडंच आहे. देठाकडचा चीक काढून, तासभर पाण्यात ठेवून, मग रस नाही, गराच्या फोडी. पितरांचं पान, मग ठमीचं पान.

काय सांगू. ती खात नव्हती, ती आंब्यात राहायला गेली. कोपरापर्यंत, कानात, भुवईला. बाठ धुऊन हातात दिली तर तासभर चोखत बसली (मोठी बाठ, समोर बसून, बारीक झाल्यावर काढून घेतली). वहीत त्या दिवशी चमच्यांचा कॉलम रिकामा आणि शेऱ्यात नुसतं "!!!"

पण त्यानंतर महिनाभर घरात दुसरं काही चालेना. सकाळी नाचणीचं सत्त्व पुढे केलं की ओठ घट्ट. मूगडाळीची खिचडी, तोंड फिरवलं. आंबा दिसला की आ. आणि आम्हालाही सोपं, चिरा आणि द्या, शिजवायचं नाही, घोटायचं नाही, मागे लागायचं नाही, पोरगी दोन वाट्या खाते, गालाला गोबरी, आणि शेवटी फळच आहे ना, बिस्कीट तर देत नाही आपण. माझ्या मनात तर मी आदर्श बाप. सकाळी केळं, अकराला पपई नाहीतर चिकू, दुपारी आंबा, संध्याकाळी कलिंगड, मध्ये मध्ये दूध. वही भरत चालली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सर्दीसाठी दाखवायला गेलो. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून बघितली, तळहात बघितले, म्हणाल्या दिवसभरात काय काय खाते? मी अभिमानाने वही काढली. पाच महिन्यांत चौदा फळं. त्यांनी दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, "वही फार सुंदर आहे. जेवण कुठल्या पानावर आहे?"

सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी केली. हिमोग्लोबिन ९.४. या वयाला ११ च्या आसपास तरी हवं.

मला फार लागलं ते. म्हणजे मी दिवसभर घरी, मी वही ठेवलेली, आणि माझ्याच हाताखाली. त्यांनी समजावून सांगितलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं : बाळ जन्माला येताना आईकडून लोहाचा ओपनिंग बॅलन्स घेऊन येतं. तो सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधातून लोह अगदी थोडं येतं. वरचं खाणं त्याच वेळी सुरू करायचं कारण तेच, नुसती चव दाखवायला नाही. आणि मी काय जमा केलं खात्यात? शंभर ग्रॅम सफरचंदात लोह जेमतेम ०.१ मिलिग्रॅम. ते काळं पडतं ते त्यातल्या एका एन्झाइममुळे, हवा लागली की रंग बदलतो, लोहाशी संबंध नाही. डाळिंब लाल आहे म्हणून लाल आहे, लोह ०.३. तेवढ्याच कोरड्या नाचणीत साडेचारच्या आसपास, मूगडाळीत चारच्या जवळपास, आणि नेमकं तेच मी ताटातून बाहेर काढलेलं. एवढ्याशा पोटात आंबा भरला की डाळीला जागा कुठे? "डाळीचं पाणी नको, डाळ द्या" तेव्हा आठवलं.

घरी येऊन आईला सांगितलं, तर ती आधी मानेना, मग गप्प झाली, मग म्हणाली तुम्हाला डाळ-तांदूळ घोटूनच द्यायचे मी, सफरचंद काय रोज परवडत होतं का, कुणी आजारी पडलं की यायचं. मला एकदम हसू आलं आणि वाईटही वाटलं. तिचं सफरचंद कधी जेवणाच्या जागी आलंच नव्हतं.

लोहाचे थेंब सुरू झाले. दुधाबरोबर द्यायचे नाहीत, शी काळी होणार (वहीत नवीन रंग). आणि गंमत म्हणजे फळं बंद झाली नाहीत, त्यांची फक्त जागा बदलली. व्हिटॅमिन सी असलं की डाळी-नाचणीतलं लोह अंगी जास्त लागतं, पण ते त्याच जेवणात पाहिजे, चार तासांनी नाही. मग आधी घट्ट वरण-भात, वर लिंबू पिळून. आपण वरणभातावर लिंबू पिळतो ते मी आजवर नुसत्या चवीसाठी समजत होतो. त्याच ताटात कडेला मोसंबीच्या फोडी, पांढरी सालं आणि बिया काढून. अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा बलक. पावसाळ्यात पेरू आले, पेरूत तर संत्र्याच्या चौपट व्हिटॅमिन सी, पण बिया, म्हणून पिकलेला पेरू वाफवून चाळणीवर घासून काढलेला गर. आई म्हणाली पावसाळ्यात पेरूने खोकला होतो. नाही झाला. एकदा झाला, पण तेव्हा सगळ्या सोसायटीला झालेला.

पहिले दहा दिवस ठमीने मला रडवलं. आंबा कुठाय म्हणून ताट उलथवायची. डॉक्टर म्हणाल्या होत्या एखादी चव आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा दाखवावी लागते, तीनदा नाकारलं म्हणून "आवडत नाही" लिहायचं नाही. मी वहीत "नाही" असा कॉलम होता त्याचं नाव बदलून "आज नाही" केलं. नाचणी अकराव्या वेळी खाल्ली, त्यात थोडा आंबाच कालवला होता हे मान्य करतो, आणि मग रोज आंबा कमी कमी करत नेला. तोवर पाऊस आला आणि आंबेच संपले, निसर्गाने मदत केली. ऑगस्टमध्ये परत तपासलं, ११.१. थेंब अजून काही महिने चालू ठेवायला सांगितलेत, साठा भरायला वेळ लागतो म्हणे.

आता सप्टेंबर. ठमी चौदा महिन्यांची, चालते, फळवाल्याच्या गाडीसमोर उभी राहून "केका" म्हणते. आबांनी सीताफळांची पहिली पाटी पाठवली, म्हणजे पाठवली नाही, स्वतः एसटीने घेऊन आले, पाय धुतले आणि न टेकता सोलायला बसले. सीताफळाची एक एक बी बाहेर काढायची, ती गिळायची नाही आणि चावून तर अजिबात नाही, विषारी असते. एका छोट्या वाटीसाठी अर्धा तास आणि सत्तावन्न बिया, मी मोजल्या. वरणभात झाल्यावर आबांनी वाटी पुढे केली. ठमीने एक चमचा तोंडात घेतला, तो रवाळ गर जिभेवर फिरवला, आबांकडे बघितलं आणि सगळं त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर परत केलं.

आबा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या वहीत काय लिहिताय?"

"आज नाही," म्हणालो.

रविवारी दुसरी पाटी येतीये.